मित्रांचं मत

सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एसएसबी नावाच्या पाच दिवसांच्या निवडीतून जावं लागतं. त्यातला एक दिवस मानसशास्त्राच्या चाचण्यांचा. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावरून वाक्य लिहायचं. असे साठ शब्द. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात संपवायचे. आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं वर्णन: आईवडिलांना तुम्ही कसे वाटता, शिक्षकांना कसे वाटता, मित्रांना कसे वाटता, तुमचं तुम्हाला काय वाटतं आणि स्वतःत काय बदलायला आवडेल. 2021 च्या नोव्हेंबरात भोपाळच्या केंद्रावर माझ्या एका मित्राने मित्रांचं मत म्हणून ज्या चार-पाच ओळी लिहिल्या, त्या मी लिहून दिलेल्या होत्या. त्याने त्या पाठ केल्या होत्या.

त्या ओळी चुकीच्या होत्या असं मला आजही म्हणता येत नाही. तरीही त्या लिहायला नको होत्या असं वाटत राहतं. हे 'तरीही' नेमकं कशामुळे, ते या लेखात शोधायचा प्रयत्न आहे.

आम्ही दोघंही भिंगारचे. भिंगार म्हणजे नगरला चिकटलेलं, पण नगर नसलेलं गाव. (आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं.) एकीकडे भुईकोट किल्ला, लागून लष्कराची छावणी, मधून पाथर्डीकडे जाणारा रस्ता. बाहेरच्या माणसाने भिंगारचं नाव ऐकलेलं असलंच तर ते औरंगजेबामुळे, 1707 मध्ये तो इथे वारला म्हणून. आमच्यासाठी मात्र भिंगार म्हणजे छावणी. छावणीशेजारी वाढलेल्या पोरांना सैन्य हे करिअर वाटत नाही, हवामान वाटतं. माझ्या या मित्राचे वडील छावणीत मुलकी नोकरीत होते. आठवीत असताना तो शाळेचा गणवेश रोज स्वतः इस्त्री करून यायचा, म्हणून कुणीतरी त्याला 'मेजर' म्हणालं आणि ते त्याला चिकटलं. लेखातही तेच नाव वापरतो, कारण त्याच्या आईशिवाय त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. पुढे जे झालं त्यानंतर हे नाव त्याला कसं लागत असेल, हा विचार आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात बराच काळ आला नाही.

माझं खूळ सुरू झालं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात हॉस्टेलवर. कुणीतरी एका चाचणीची लिंक पाठवली. दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांवर टिकमार्क केले आणि शेवटी चार अक्षरं आली: आयएनटीपी. खाली पानभर वर्णन. रात्री दोन वाजता मी ते तीनदा वाचलं. मला कुणीतरी पाहिलं आहे असं वाटलं. घरी मला 'एककल्ली' म्हणायचे; इथे त्यालाच 'विचारवंत' म्हटलं होतं. एकवीस वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं?

या चार अक्षरांमागची गोष्ट तशी मजेदार आहे. कार्ल युंगचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक 1921 मध्ये जर्मनमध्ये आलं, दोन वर्षांनी इंग्रजीत. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाई आधीपासूनच माणसांचे प्रकार पाडण्याच्या मागे होत्या. त्यांच्या मुलीने, इझाबेलने, नवरा निवडला तो त्यांच्या घराण्याच्या स्वभावापेक्षा अगदी वेगळा, आणि जावई असा का, या कुतूहलाने त्यांना झपाटलं. युंगचं पुस्तक हाती आल्यावर त्यांना चौकट सापडली. पुढे इझाबेल मायर्सने तिची प्रश्नावली केली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. म्हणजे जगभरच्या कंपन्यांच्या कार्यशाळांत आज जे चालतं, त्याचं मूळ एका सासूला जावई न उलगडण्यात आहे. मला हे कळल्यावर त्या पद्धतीबद्दलचं माझं प्रेम वाढलंच. खुद्द युंगला मात्र हे आवडलं नसतं. 1934 मध्ये आपल्या पुस्तकाच्या अर्जेंटिनातल्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना त्याने स्पष्ट केलं की माणसांवर लेबलं चिकटवण्यासाठी हे पुस्तक नाही, तसं करणं हा बैठकीतला पोरखेळ आहे.

पोरखेळ तर पोरखेळ. टाळेबंदीत मी पुण्याहून घरी आलो. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉप, आणि बंधनं सैल झाल्यावर संध्याकाळी आम्ही चार-पाच जण गाड्या काढून चांदबीबीच्या महालाकडे. पाथर्डी रस्त्याने निघून डोंगर चढला की वर ती दगडी अष्टकोनी इमारत. तिथे बसून नगरचे दिवे लागताना बघायचे आणि बोलायचं.

इथेच मी माझी पद्धत बसवली. चाचण्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. माणूस स्वतःबद्दल टिकमार्क करताना स्वतःला जसं व्हायचंय तसं लिहितो. त्यापेक्षा गप्पांत कळतं. मी सरळ कधीच विचारत नसे. 'सहलीला जायचं ठरलं की तू आधी काय करतोस?' 'भांडण झाल्यावर डोक्यात काय फिरतं, तू काय बोललास ते की समोरचा काय बोलला ते?' 'लग्नाच्या पंगतीत ओळखीचं कुणीच नसेल तर कुठे बसतोस?' आणि मग ऐकायचं. कोण उदाहरणं देतं, कोण तत्त्वं सांगतं, कोण 'मला वाटतं' म्हणतं आणि कोण 'आपल्यात असं असतं' म्हणतं. तीन-चार संध्याकाळी गेल्या की मी निकाल द्यायचो. पोरं वाट बघायची. "सांग ना राव, माझा टाईप कोणता?" आमच्या गावात एकमेकांना वीस वर्षं ओळखणाऱ्या पोरांनी एकमेकांना 'तुला काय आवडतं?' असं कधी विचारलेलं नसतं. विचारायचं कारण नसतं, आणि विचारलं तर 'का रे, बरा आहेस ना?' असं होतं. टाईपच्या निमित्ताने ते विचारता आलं. या गप्पा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या गप्पांपैकी आहेत, हे कबूल केलं पाहिजे.

त्यातून एका मैत्रिणीचं तर खरंच भलं झालं. ती आमच्या शाळेतली, आता एका बँकेत. लहानपणापासून तिला घरात 'घुमी' म्हणत. पाहुणे आले की ही आतल्या खोलीत, आणि मग पाहुणे गेल्यावर आईची बोलणी. फोनवर तीन रात्री आम्ही बोललो. तिचं मला जाणवलं ते असं की तिला माणसं नकोशी वाटत नाहीत, उलट ती प्रत्येकाचं इतकं मन लावून ऐकते की तासाभरात थकून जाते. मी तिला तसं सांगितलं. चार अक्षरंही सांगितली. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "म्हणजे मी शिष्ट नाहीये." पुढे तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या नवऱ्याला आधीच सांगून टाकलं, घरात चार माणसं जमली की मधे अर्धा तास मी एकटी बसेन, त्याचा अर्थ काही लावू नकोस. तो लावत नाही. संसार उत्तम चालू आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बकवास आहे. मला त्याच्याशी वाद घालायचा नाही, कारण माझ्या धंद्यातलं ज्ञान वापरलं तर मीही तेच म्हणेन. बहिर्मुख आणि अंतर्मुख असे माणसांचे दोन ढीग खरोखर असते, तर गुण मांडल्यावर आलेखाला उंटासारखी दोन वशिंडं दिसली असती. दिसतं एकच, आणि तेही मधोमध. बहुतेक माणसं मधलीच. मग आपण पन्नासवर रेघ मारतो. एक्कावन्नवाला एका खोक्यात, एकोणपन्नासवाला दुसऱ्या, आणि पंचाण्णववाला त्या एक्कावन्नवाल्याच्या शेजारी. असा कोड कुणी माझ्याकडे तपासायला पाठवला तर मी परत पाठवेन. वर्णनं पटतात म्हणावं, तर तेही फसवं. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास विश्लेषण' म्हणून कागद दिला. कागद सगळ्यांचा एकच होता, बराचसा रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. किती पटलं ते पाचपैकी सांगा म्हटल्यावर सरासरी आली 4.26.

ज्योतिषावरून आठवलं. आमच्याकडे माणसांचे प्रकार पाडायला युंगची गरज कधी नव्हतीच. सत्तावीस नक्षत्रं, नऊ देवगणी, नऊ मनुष्यगणी, नऊ राक्षसगणी. पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी सहा गुण एकट्या गणाचे. माझ्या मावसबहिणीचं नक्षत्र मघा, म्हणजे राक्षसगण. ती रागावली की मावशी म्हणायची, "गण दाखवला बघ." तिचे दोन भाऊ तिच्याहून तापट, त्यांचा राग म्हणजे राग, हिचा राग म्हणजे गण. एकदा तिने मला विचारलं होतं, मी कधी साधी रागवूच शकत नाही का रे? मी तेव्हा दहावीत होतो, हसलो होतो.

आणि नाटक-पुस्तकांतूनही आपण माणसं ओळखतोच की. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण वाचलेला नसणारेही लग्नघरात धावणाऱ्या माणसाला 'आमचा नारायण' म्हणतात. एकदा म्हटलं की त्याला काम सांगायला संकोच वाटत नाही. त्याला आवडतंच ते! त्याला खरंच आवडतं का, हे विचारायची जबाबदारी त्या नावाने परस्पर उरकलेली असते.

मेजरकडे येतो.

मेजरचा पहिला प्रयत्न 2021 च्या सुरुवातीला झाला. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स असते, त्यानंतर निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर वाचले जातात. ज्यांचा नंबर येत नाही त्यांनी सामान उचलून स्टेशन गाठायचं. का घेतलं नाही ते सांगत नाहीत. हे मला फार क्रूर वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही, पण त्याबद्दल पुढे. तो झेलमने परत आला, दोन दिवस झोपला आणि पुन्हा पळायला जाऊ लागला. त्या उन्हाळ्यात महालावर बसून मी त्याचाही टाईप काढला. तो फारसा बोलायचा नाही, विचार करून एक वाक्य टाकायचा. सगळं आधी ठरवून करायचा. शब्दाला पक्का. मी म्हटलं, आयएसटीजे. शांत, जबाबदार, एकांतात ताकद मिळवणारा. तो हसला, पण त्याला आवडलं होतं.

दिवाळीनंतर दुसरं बोलावणं आलं. जायच्या आदल्या रात्री तो घरी आला. वहीत सगळं लिहिलं होतं, आईवडिलांचं मत, शिक्षकांचं मत. मित्रांची जागा मोकळी. "हे तूच लिहून दे. तुला माणसं कळतात."

मला माणसं कळतात! मी खूश होऊन लॅपटॉप उघडला. आयएसटीजेची वर्णनं मला तोंडपाठ होती. अडचणीत विसंबता येईल असा, कमी बोलणारा पण दिलेला शब्द पाळणारा, एकट्याने विचार करून निर्णय घेणारा, वगैरे. मराठीत सांगितलं, त्याने इंग्रजीत उतरवलं. वीस मिनिटांत काम झालं.

मला त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट माहीत होती. मेजरला 'मला येत नाही' असं म्हणता येत नाही. बारावीला गणितात अडला तेव्हा तीन महिने त्याने एकालाही विचारलं नाही. आम्ही सगळे रोज संध्याकाळी एकत्र असूनही. नापास होता होता वाचला. ज्याला माणसांचं नेतृत्व करायचंय त्याच्यासाठी ही मोठी उणीव आहे, आणि 'काय बदलायला आवडेल' या शेवटच्या भागासाठी तर ती सोन्यासारखी होती. त्याला ती मीच सांगू शकलो असतो. पण टाईपच्या वर्णनांत अशा गोष्टी नसतात. त्यांत सगळेच आपापल्या परीने थोर असतात. इझाबेल मायर्सच्या 1980 मध्ये आलेल्या पुस्तकाच्या नावातच 'वेगवेगळ्या देणग्या' अशा अर्थाचे शब्द आहेत. देणगी नसलेला प्रकारच नाही. मित्राने मित्राचं मत मागितलं आणि मी त्याला एका अमेरिकन मायलेकींचं मत दिलं. वाईट बोलायची वेळ टळली, आणि मी मदत केल्याचं समाधानही मिळालं.

त्याचा नंबर या वेळीही आला नाही. त्याच्या वयाच्या हिशोबाने हा शेवटचाच प्रयत्न होता.

परत आल्यावर तो घराबाहेर पडेना. पहिल्या आठवड्यात एकाने ग्रुपवर विचारलं, जाऊन येऊ या का? आणि मी उत्तर लिहिलं. ते उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे, मी पुसलेलं नाही. मी लिहिलं की मेजरसारख्या माणसांना अशा वेळी एकटं राहण्याची गरज असते, आपण गेलो तर त्याला उलट त्रास होईल, तो सावरला की स्वतःच येईल, त्याला जागा द्या. दोघांनी अंगठे टाकले. एकाने लिहिलं, "तुला बरोबर कळतं राव."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मधे मी पुण्याला गेलो, परत आलो. फेब्रुवारीत एका सकाळी त्याच्या आई दूध आणायला जाताना भेटल्या. मी विचारलं, "काकू, मेजर कसा आहे?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "तुमचं भांडण झालंय का रे? कुणीच येत नाही तुम्ही. दिवसा झोपतो, रात्री जागा असतो. जेवणाचं ताट तसंच. मला वाटलं तुमचं काहीतरी बिनसलं." त्यांचं घर माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे.

त्या संध्याकाळी गेलो. काय बोललो ते सगळं इथे सांगत नाही. एवढंच, की तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला लाज वाटत असेल माझी." आणि बऱ्याच वेळाने: "नंतर वाटलं की तू म्हणतोस तेच खरं असेल. माझा स्वभावच असा. एकटं राहिलं की बरं वाटेल. म्हणून वाट बघत बसलो, बरं वाटायची."

हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. इयन हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने 1986 मध्ये माणसं 'घडवली' कशी जातात यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं: खडकाचं वर्गीकरण केलं तर खडकाला फरक पडत नाही, माणसाचं केलं तर तो ते ऐकतो, आणि त्याप्रमाणे किंवा त्याच्या विरुद्ध वागू लागतो. मग वर्गीकरण करणाऱ्याला पुरावा मिळतो. मी वाचलं होतं हे, मेजरच्या आधी वाचलं होतं. ते मोठमोठ्या संस्थांबद्दल आहे असं वाटलं होतं, दवाखाने, जनगणना वगैरे. डोंगरावर बसलेल्या दोन मित्रांबद्दलही ते असेल हे डोक्यात आलं नाही. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत आणि शेवटच्या समासात पढतमूर्खाची. त्या शेवटच्या समासात माझ्यासाठी जागा नक्की आहे.

पण त्या लक्षणांबद्दल एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मूर्खाची एवढी लांबलचक यादी दिल्यावर रामदास म्हणतात की हे सगळं टाकून देण्यासाठी सांगितलं आहे. यादी वाचून 'मी बाबा या प्रकारचा मूर्ख' असं कपाळावर लावून फिरायचं नाहीये. माझी वर्णनं नेमकी याच्या उलट होती. त्यांतलं काही टाकायचं नव्हतं, फक्त ओळखायचं आणि मिरवायचं होतं.

मग बँकेतल्या मैत्रिणीचं काय? तिलाही मी चार अक्षरंच दिली, आणि तिचं भलं झालं. बरेच दिवस मला हा फरक कळत नव्हता. दोघांची वर्णनं सारखीच ढोबळ, फोररच्या कागदासारखी. मला आता असं वाटतं की तिने ते शब्द स्वतः वापरले. कुणाला सांगायचे, केव्हा सांगायचे, तिने ठरवलं, आणि उद्या ते लागू पडले नाहीत तर तीच टाकून देईल. मेजरबद्दलचे शब्द मी वापरले, त्याच्या पाठीमागे, त्याच्याविषयी काय करायचं हे ठरवण्यासाठी. किंवा काय करायचं नाही हे. आणि त्यातून सोय झाली ती माझी. हरून आलेल्या मित्रासमोर जाऊन बसणं अवघड असतं. काय बोलायचं ते सुचत नाही. त्याचा स्वभाव हे मला न जाण्याचं इतकं सभ्य कारण मिळालं होतं की ते कारण आहे हेसुद्धा मला दिसलं नाही.

यावर सोपं उत्तर असं की कुणालाही काही म्हणूच नये. माणूस अथांग असतो, त्याला शब्दांत पकडू नये, इत्यादी. असं म्हणणारे मला भेटतात आणि ते मला मनापासून पटत नाहीत. अथांग म्हणणं हीसुद्धा न जाण्याची एक सबबच आहे, थोडी जास्त काव्यात्म. मेजरने त्या रात्री वही घेऊन येणं बरोबर होतं. आपण कसे आहोत ते काही प्रमाणात दुसऱ्यालाच दिसतं, आणि मित्राने ते सांगितलंच पाहिजे. आज मला तो कागद परत मिळाला तर मी तो कोरा सोडणार नाही. बारावीचं गणित लिहीन. एसएसबीवाले कारण सांगत नाहीत हे मला क्रूर वाटलं होतं असं वर म्हटलं. पण पाच दिवसांच्या ओळखीवर त्यांनी काय सांगावं? त्यांना तो या कामाला चालेल की नाही एवढंच ठरवायचं होतं आणि त्यांनी तेवढंच ठरवलं. तो कसा आहे हे सांगायचं काम आमचं होतं.

असो. मेजर आता सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळी बघतो, हाताखाली चाळीस माणसं आहेत. सकाळी पळतो. मीही परत पुण्यात आहे. आमच्या ऑफिसात मधे एक कार्यशाळा झाली, प्रत्येकाच्या टेबलावर स्वभावाच्या रंगाची पट्टी लावली होती. मी माझी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. भांडलो वगैरे नाही.

गेल्या महिन्यात दोघंच महालावर गेलो होतो. तिथे बाहेरून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांतले गृहस्थ मुलांना चांदबीबी कुठल्या खिडकीत बसत असेल ते दाखवत होते. ती इमारत महाल नाही आणि चांदबीबीचीही नाही. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे, खाली तळघरात तो आहे. मी सांगायला उठत होतो, मेजरने हाताने खाली बसवलं. "राहू दे. पोरं खूश आहेत."

दिवे लागायला सुरुवात झाली होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझं काय रे? तुझा टाईप कुणी काढला होता?"

"चाचणीने."

"म्हणजे तुझा तूच." तो सरळ होऊन बसला. "सांग. सहलीला जायचं ठरलं की तू आधी काय करतोस?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "यादी करतो. काय काय न्यायचं त्याची."

"यादी मी करतो," मेजर म्हणाला. "तू पेट्रोल संपलं की मला फोन करतोस. हरिश्चंद्रगडाला दोनदा, माळशेजला एकदा." मग किल्ली काढत उठला. "आज किती आहे टाकीत? बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं.